हाडाच्या अटी

यॉस्टा लार्सन तेव्हा ३४ वर्षांचा होता. जन्मतःच टाळू दुभंगलेली, हनुवटीची वाढ खुंटलेली, खालच्या जबड्यात दात नाहीत आणि कवळी करावी तर तिला टेकायला जागा नाही. १९६५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी त्याच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले, काही महिने थांबून त्यांवर दात जोडले. लार्सन २००६ मध्ये वारला. चाळीस वर्षांहून अधिक काळ तो त्या दातांनी जेवला.

ब्रोनेमार्क दंतवैद्य नव्हते. वैद्यक शिकलेले, शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. १९५० च्या दशकात लुंड येथे ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून, तिच्यातून जिवंत हाडातला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. प्रयोग संपला की नळी काढून पुढच्या सशासाठी वापरायची, असा बेत. पण ती निघेना. हाड धातूला थेट बिलगले होते, मध्ये मऊ पेशींचा थरसुद्धा नव्हता. जबड्यात धातूची पाती आणि जाळ्या बसवण्याचे प्रयोग त्या काळात इतरत्रही होत होते, पण त्यांच्याभोवती बहुधा तंतुमय आवरण तयार होई आणि काही वर्षांत ते सैल पडत. म्हणूनच स्वीडनमधल्या दंतवैद्यकाने ब्रोनेमार्क यांच्यावर सहज विश्वास ठेवला नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर सरकारने उमिओ विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांकडून त्यांच्या रुग्णांची तपासणी करवली, निष्कर्ष अनुकूल आला आणि उपचाराला मान्यता मिळाली. उत्तर अमेरिकेचे दार त्यानंतर काही वर्षांनी उघडले, १९८२ मध्ये जॉर्ज झार्ब यांनी टोरांटोत भरवलेल्या परिषदेत.

ही कहाणी अशा स्क्रूंवरच्या, म्हणजे इम्प्लांटवरच्या, बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते. तिच्यातला पुढचा भाग मात्र दुर्लक्षित राहतो. लार्सनच्या जबड्यातल्या हाडाने १९६५ साली ज्या अटी घातल्या, त्याच अटी आज नाशिकच्या किंवा सोलापूरच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या रुग्णाचे हाड घालते. मला भाजू नका. मी जुळत असताना स्क्रू हलू देऊ नका. माझा रक्तपुरवठा तोडू नका आणि घाण आत आणू नका. साठ वर्षांत या अटींपैकी एकही शिथिल झालेली नाही. प्रगती झाली ती वेगळ्या अंगाने: पूर्वी सर्जनच्या हाताच्या अंदाजावर सोडलेल्या गोष्टी आता अंशांत, मिलिमीटरमध्ये आणि न्यूटन-सेंटिमीटरमध्ये मोजता येतात. मुखशल्यचिकित्सकाने नव्या यंत्रांकडे, नव्या ब्रँडकडे आणि प्रदर्शनातल्या स्टॉलकडे याच नजरेने पाहावे, असे या व्याख्यानाचे म्हणणे आहे. हाडाची कोणती अट हे साधन अधिक खात्रीने पाळू देते? उत्तर नसेल, तर ते साधन लांबून पाहिलेलेच बरे.

उष्णतेपासून सुरुवात करू. १९८३ मध्ये एरिकसन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशाच्या हाडावर दाखवले की ४७ अंश सेल्सियस तापमान केवळ एक मिनिट टिकले, तरी हाडाच्या घडणीला इजा होते. ४७ अंश म्हणजे फार नव्हे. चहा त्याहून गरम असतो. बोथट ड्रिल, दाबून धरलेला हात आणि अपुरे सलाइन यांतून हा आकडा सहज ओलांडला जातो, विशेषतः खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात, जिथे हाड दाट आणि रक्तपुरवठा बेताचा. धार असलेली ड्रिल, टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यास, आत-बाहेर हलता हात आणि गार सलाइन हे जुनेच शिक्षण आहे. नवी अडचण संगणकावर आखलेल्या, ड्रिलला दिशा देणाऱ्या सर्जिकल गाइडमुळे उभी राहिली. गाइडची कडी ड्रिलला घट्ट वेढते, बाहेरून सोडलेले पाणी हाडापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. म्हणून गाइड वापरणाऱ्याने मधे मधे ड्रिल पूर्ण बाहेर काढावी, खड्डा धुवावा, वेग कमी ठेवावा. अचूक जागी भाजलेले हाडही भाजलेलेच असते.

टॉर्कबद्दलचा गैरसमज याच्या शेजारचाच. स्क्रू जितका घट्ट, तितका चांगला, असे वाटणे साहजिक आहे. पण दाट हाडात अति घट्ट फिरवलेला स्क्रू हाडावर एवढा दाब टाकतो की तिथले रक्त आटते आणि तो थर मरतो. अशा ठिकाणी खड्डा किंचित रुंद करणे किंवा हाडात आटे पाडून घेणे हाच शहाणपणा. उलट वरच्या जबड्याच्या मागच्या भागातले जाळीदार हाड सैल असते. तिथे खड्डा मुद्दाम अरुंद ठेवावा लागतो. सालाह हुवैस यांच्या उलट दिशेने फिरणाऱ्या ड्रिल तिथेच उपयोगी पडतात. त्या हाड कापून बाहेर टाकत नाहीत, बाजूला दाबून भिंत दाट करतात. मात्र याच ड्रिल दाट हाडातही सरसकट वापरणे म्हणजे साधनासाठी आजार शोधणे.

स्क्रू बसतो त्या दिवशी त्याला धरून ठेवते ती निव्वळ यांत्रिक पकड. पुढच्या आठवड्यांत जुने हाड झिजते, नवे अजून पुरते घडलेले नसते, आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इम्प्लांट सर्वात हळवा असतो. रुग्णाला नेमके याच काळात सगळे ठीक वाटू लागते. दुखणे थांबलेले, सूज उतरलेली. तो कडक भाकरी चावायला घेतो. प्रयोगांनी दाखवले आहे की सुमारे ५० ते १५० मायक्रॉनपलीकडची हालचाल झाली, की हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. ज्या हालचालीने सगळे बिघडते, ती डोळ्यांना दिसत नाही.

ती दिसत नाही, म्हणून मोजावी लागते. नील मेरेडिथ यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या रेझोनन्स फ्रीक्वेन्सी पद्धतीत इम्प्लांटवर एक छोटी खुंटी बसवून तिची कंपने टिपतात आणि स्थैर्याचा अंक १ ते १०० मध्ये देतात. ७० च्या वरचा अंक भरवशाचा मानतात. पण खरा उपयोग एकट्या अंकाचा नसून दोन अंकांच्या तुलनेचा आहे: बसवताना ७२ आणि सहाव्या आठवड्यात ५८ असेल, तर कॅप बसवण्याची तारीख पुढे ढकललीच पाहिजे. दुसरी मदत धातूच्या पृष्ठभागाकडून आली. ब्रोनेमार्क यांचा स्क्रू यंत्रावर कातलेला, गुळगुळीत होता. खालच्या जबड्यात तीन ते चार महिने, वरच्यात सहा महिने थांबण्याची रीत त्यावरून पडली. १९९० च्या दशकात वाळूच्या माऱ्याने आणि आम्लाने खडबडीत केलेले पृष्ठभाग आले. चांगल्या हाडात ही वाट सहा आठवड्यांवर आली आणि २००५ नंतर ओलावा धरणाऱ्या पृष्ठभागांनी ती आणखी कमी केली.

महाराष्ट्रातल्या शहरांत चौकाचौकात दिसणाऱ्या ‘तीन दिवसांत पक्के दात’ या फलकांचा विचार इथेच करायला हवा. तात्काळ दात जोडणे हा काही भोंदूपणा नाही. लिस्बनचे पाउलो मालो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत दात नसलेल्या जबड्यात चारच इम्प्लांट बसवतात. मागचे दोन तिरके असतात, म्हणजे खाली नस आणि वर सायनस दोन्ही टळतात. चौघांना एकाच पट्टीने बांधून त्याच दिवशी किंवा लगेच तात्पुरते दात देतात. ही पद्धत अनेक देशांत हजारो रुग्णांवर टिकलेली आहे. पण ती टिकते ती अटींवर: साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक टॉर्क, सगळे इम्प्लांट एकमेकांना कडक बांधलेले, मागे लोंबणारा भाग आखूड, पहिले दोन-तीन महिने मऊ आहार. एका जरी स्क्रूला पुरेशी पकड मिळाली नाही, तर त्या दिवशी रुग्णाला काढता येणारी कवळी देऊन घरी पाठवण्याची तयारी सर्जनने आधीच करावी आणि रुग्णाला आधीच सांगून ठेवावी. जाहिरातीतला दिवस पाळण्यासाठी मोजलेला अंक बाजूला सारणे हा रुग्णाशी केलेला अन्याय आहे. त्याची किंमत रुग्ण हाडाने मोजतो, कारण पडलेला इम्प्लांट जाताना आजूबाजूचे हाडही घेऊन जातो.

हाड वाचवायचे तर दात काढण्याच्या दिवसापासूनच. डेन्मार्कमधल्या श्रॉप आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाढा काढलेल्या जागांचे वर्षभर मोजमाप केले. १२ मिलिमीटर रुंदीची कड वर्षाअखेर ५.९ मिलिमीटरवर आली, आणि या झिजेतला दोन तृतीयांश भाग पहिल्या तीन महिन्यांतच झाला. दोन वर्षांनी अराउजो आणि लिंडे यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगात कारण उलगडले: गालाकडची पातळ भिंत मुख्यतः दाताच्या अस्तित्वावर जगते, दात गेला की तिचे कामच संपते. त्यामुळे इम्प्लांटचे ऑपरेशन खरे तर चिमटा हातात घेतल्यापासून सुरू होते. मुळे वेगळी करून एकेक काढणे, पेरिओटोमने अस्थिबंध हळूच सोडवणे, छिन्नी टाळणे, हिरडी विनाकारण न उलगडणे यांत पंधरा मिनिटे जास्त जातात आणि पुढच्या ग्राफ्टचा खर्च वाचतो. पुढच्या दाताच्या जागी लगेच इम्प्लांट बसवायचा झाल्यास तो टाळूकडे कलता बसवून, गालाकडच्या भिंतीशी राहिलेली फट सावकाश विरघळणाऱ्या हाडाच्या भुकटीने भरावी. लगेच बसवलेला इम्प्लांट ती भिंत वाचवतो, ही जुनी आशा कुत्र्यांवरच्याच प्रयोगांनी खोटी ठरवली आहे.

जबड्याचा स्कॅन घेणारे सीबीसीटी तंत्र १९९८ च्या सुमारास इटलीत आणि जपानमध्ये जवळजवळ एकाच वेळी अवतरले आणि जबड्याची तिसरी मिती सर्जनच्या टेबलावर आली. त्याच्या जोडीला तोंडातला स्कॅन घेऊन आधी दात आखायचा, मग त्याखाली स्क्रूची जागा ठरवायची, असा क्रम रूढ झाला. हा क्रम हाडापेक्षा रुग्णाच्या तोंडाशी अधिक प्रामाणिक आहे; नाहीतर हाडात सुंदर बसलेला इम्प्लांट दाताच्या बाहेर डोकावतो. आता अचूकतेचे आकडे पाहा. २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात गाइड वापरूनही सरासरी चूक खड्ड्याच्या तोंडाशी १.२ मिलिमीटर, टोकाशी १.४ मिलिमीटर आणि कोनात ३.५ अंश निघाली. ही सरासरी आहे. काही रुग्णांत चूक याहून मोठी असणारच. खालच्या जबड्यातल्या नसेपासून २ मिलिमीटर अंतर राखण्याचा नियम या आकड्यांशेजारी ठेवला, की त्यातून एक मिलिमीटर ‘उसना’ घेणे किती धोक्याचे ते कळते. खालचा ओठ कायमचा बधिर झालेल्या रुग्णाला अचूक सॉफ्टवेअरचे कौतुक नसते.

यंत्रमानवही या कामात आले आहेत. सर्जनच्या हाताला दिशा आणि अडवणूक देणाऱ्या योमी या यंत्रणेला अमेरिकेत २०१६ च्या अखेरीस परवानगी मिळाली. २०१७ मध्ये चीनमधल्या शीआन इथे यंत्राने माणसाचा हात न लागता दोन इम्प्लांट बसवले. भारतातल्या बहुतेक मुखशल्यचिकित्सकांपुढचा प्रश्न मात्र अधिक साधा आहे: तोंड उघडते किती? सुपारी आणि गुटख्यामुळे होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये ते अनेकदा दोन बोटांपलीकडे उघडत नाही. गाइड, त्यावर लांब ड्रिल आणि त्यावर हँडपीस एवढी उंची मागच्या दाढेशी मावत नाही. अशा रुग्णात पुढच्या भागापुरते गाइड, मागे आखूड ड्रिल आणि आखूड इम्प्लांट, किंवा पडद्यावर ड्रिलची जागा दाखवणारे नॅव्हिगेशन हे व्यवहार्य मार्ग आहेत. तोंडाच्या उघडझापीचे माप सीबीसीटी काढण्याआधीच घ्यावे.

वरच्या मागच्या दाढांच्या जागी सायनस खाली उतरलेला असतो. हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेली आणि बॉइन व जेम्स यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेली सायनस लिफ्ट बाजूने खिडकी पाडून करतात. समर्स यांनी १९९४ मध्ये खालूनच, ऑस्टिओटोमने हळूहळू ठोकत पडदा उचलण्याची पद्धत दिली. व्हर्चेलोत्ती यांच्या पिएझो उपकरणाने खिडकीचे काम बरेच निर्धोक केले. २५ ते ३० किलोहर्ट्‌झच्या कंपनांनी हाड कापले जाते आणि मऊ पडद्याला बहुधा ओरखडाही येत नाही. कच्च्या अंड्याचे कवच कापून आतला पापुद्रा शाबूत ठेवण्याचा सराव प्रशिक्षणवर्गांत करवतात, तो याचसाठी, आणि तो प्रत्येक नवशिक्या सर्जनने पहिल्या रुग्णाआधी करावाच. पण ही शस्त्रक्रिया मुळात हवीच का, हा प्रश्न आता गंभीरपणे विचारता येतो. युरोपातल्या एका बहुकेंद्री चाचणीत ६ मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट आणि सायनस लिफ्टसह बसवलेले ११ ते १५ मिलिमीटरचे इम्प्लांट पाच वर्षांनंतर जवळपास सारखेच टिकलेले आढळले. साठी ओलांडलेल्या, मधुमेही रुग्णाला दुसरी जखम, ग्राफ्टचा खर्च आणि सहा महिन्यांची वाट यांतून सोडवणे ही मोठी सेवा आहे. लांब स्क्रू बसवल्याचा अभिमान सर्जनने त्यापायी सोडावा.

ग्राफ्टबरोबर रुग्णाचेच रक्त फिरवून मिळणारी पीआरएफची जेली आता गावोगावी वापरली जाते; फ्रान्सचे जोसेफ शुकरून यांनी २००१ च्या सुमारास ती रूढ केली. स्वस्त आहे, रक्त न गोठवणारे रसायन लागत नाही, हिरडी लवकर भरते. हाड भरपूर वाढते असा दावा मात्र रुग्णापुढे करू नये. तेवढा भक्कम पुरावा नाही.

आणि मग २०२१ चा उन्हाळा. कोविडच्या दुसऱ्या लाटेमागून म्युकरमायकोसिस आला. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत महाराष्ट्र व गुजरात सर्वात पुढे होते. अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइड यांच्या संगतीने बुरशी सायनसमधून हाडात शिरली, आणि जीव वाचवण्यासाठी सर्जनना वरचा जबडा अर्धा किंवा पूर्ण काढावा लागला. वाचलेल्यांपैकी अनेकांच्या नाकातून पिताना पाणी येते, त्यांचे बोललेले इतरांना समजत नाही, त्यांना चारचौघांत जेवता येत नाही. ज्या हाडात साधा इम्प्लांट बसवायचा, ते हाडच उरलेले नाही. ब्रोनेमार्क यांनी जबडा काढलेल्या रुग्णांसाठीच विकसित केलेला झायगोमॅटिक इम्प्लांट त्यांना खरोखर परत उभे करू शकतो. ३० ते ५२.५ मिलिमीटर लांबीचा हा स्क्रू गालाच्या हाडात रोवला जातो. पण लांबीबरोबर चूकही लांबते. ४५ मिलिमीटर लांबीच्या स्क्रूला ३.५ अंश कोन चुकला, तर टोक जवळपास पावणेतीन मिलिमीटर सरकते, आणि डोळ्याची खोबण तिथून हाकेच्या अंतरावर असते. त्यामुळे बुरशी पूर्ण गेल्याची खात्री, साखरेवर ताबा, कान-नाक-घसा तज्ज्ञ, कृत्रिम दात बनवणारा तज्ज्ञ आणि गरज पडल्यास रुग्णाच्याच स्कॅनवरून छापलेली टायटॅनियमची चौकट, हे सगळे एका टेबलावर आल्याशिवाय या कामात हात घालू नये. शासकीय दंत महाविद्यालयांत अशा रुग्णांसाठी हे उपचार परवडण्याजोगे होणे ही या राज्याची जबाबदारी आहे. कोविडचे आकडे मिटले, या माणसांची भूक मिटलेली नाही.

रुग्णनिवडीबद्दल दोन गोष्टी निक्षून सांगायला हव्यात. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यांतले बहुतेक धुराविना: मशेरी, तंबाखू-चुना, गुटखा, तोही २०१२ पासून बंदी असताना. सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट पडण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळते. ‘सिगारेट ओढता का’ एवढेच विचारून सर्जनने थांबू नये; मशेरी लावणारी आजी या प्रश्नाला निर्मळ मनाने ‘नाही’ म्हणते. दुसरी गोष्ट औषधांची. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षातून एकदा किंवा सहा महिन्यांनी घेतलेले इंजेक्शन रुग्णाला ‘औषध’ वाटत नाही, तो ते सांगत नाही. २००३ मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्यांच्या जबड्यात उघडे पडलेले मृत हाड प्रथम नोंदवले. कर्करोगासाठी अशी इंजेक्शने चालू असताना इम्प्लांटचा विचारच टाळावा. प्रतिजैविकांची सवय मात्र कमी करण्याजोगी आहे. शस्त्रक्रियेआधी तासभर २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन दिले, तर दर २५ रुग्णांमागे एकाचा इम्प्लांट वाचतो, असे कॉक्रेन आढाव्यात दिसले. पुढचे पाच-सात दिवस गोळ्या देण्याचा तसा लाभ सिद्ध झालेला नाही.

दात बसला, फोटो काढला, की फाइल बंद करायची नसते. २०१५ च्या एका आढाव्यात इम्प्लांट असलेल्या रुग्णांपैकी अंदाजे ४३ टक्क्यांत भोवतालच्या हिरडीचा दाह आणि २२ टक्क्यांत हाड खाणारा पेरी-इम्प्लांटायटिस दिसला. तो दुखत नाही. म्हणून कॅप बसवल्याच्या दिवशीचा एक्स-रे आणि खोलीचे माप हे पुढच्या प्रत्येक तपासणीचे शून्य असते. ते नसेल, तर २०१७ च्या जागतिक परिषदेच्या वर्गीकरणाप्रमाणे ६ मिलिमीटर खोली, रक्तस्राव आणि ३ मिलिमीटर हाड गेलेले दिसेपर्यंत थांबावे लागते, म्हणजे उशीर झालेलाच असतो. हिरडीखाली सांडलेले सिमेंट हे टाळता येण्याजोगे कारण आहे. जमेल तिथे स्क्रूने आवळलेला दात द्यावा.

आणि रुग्णाच्या हाती एक कार्ड द्यावे. कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट क्रमांक, बसवल्याची तारीख, कोणता स्क्रूड्रायव्हर लागतो ते, आणि पहिल्या दिवशीचा एक्स-रे मोबाइलमध्ये. बाजारात शेकडो प्रकारचे इम्प्लांट आहेत आणि त्यांचे आटे व जोड एकमेकांशी जुळत नाहीत. लातूरला बसवलेला दात मुलाकडे पुण्यात किंवा न्यू जर्सीत राहायला गेलेल्या आईचा पाच वर्षांनी सैल होतो, तेव्हा तिथल्या दंतवैद्याला हे तपशील मिळाले तर दहा मिनिटांत स्क्रू आवळून होतो. न मिळाल्यास चांगली कॅप फोडावी लागते. कार्ड छापायला फारसा खर्च येत नाही, आणि ते भरायला लागणारी बहुतेक माहिती शस्त्रक्रियेच्या दिवशी इम्प्लांटच्या डबीवरच्या चिकटपट्टीवर छापलेली असते.